कृती कुणासाठी लिहायची?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सिलतऱ्याची धुराडी दिसू लागतात. इथले बरेच कारखाने स्पंज आयर्नचे आहेत. भट्टी म्हणजे एक लांबलचक, किंचित उतरतं, सावकाश फिरणारं नळकांडं. त्याच्या वरच्या टोकाने लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट आत जातात. आत साधारण हजार अंश सेल्सिअस तापमान असतं. तेवढ्या उष्णतेत लोखंड वितळत नाही, पण खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि खालच्या टोकाने सच्छिद्र लोखंड बाहेर पडतं. भट्टीच्या लांबीवर जागोजागी थर्मोकपल बसवलेले असतात आणि पाळीवरचा ऑपरेटर त्यांचे आकडे लॉगशीटवर उतरवत राहतो. खनिज किती गेलं, कोळसा किती गेला, भट्टी किती वेगाने फिरतेय, सगळं कागदावर असतं. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या माणसाशी एक शब्द न बोलता घरी गेला तरी काम अडत नाही.

हाच ऑपरेटर गोंदियाचा किंवा भंडाऱ्याचा असला, भाड्याच्या खोलीत राहत असला आणि रविवारी त्याला कोंबडी खावीशी वाटली, तर तो आईला फोन लावतो. आई सांगते, "कांदा लाल होऊ दे, मंग मसाला टाक, पानी अंदाजानं टाक अन् शिजलं का उतरव." लाल म्हणजे किती लाल, अंदाज म्हणजे किती पेले, शिजलं हे ओळखायचं कसं, यातलं काहीच त्यात नाही. यात आईचा दोष नाही. चुलीपाशी उभं राहून शिकलेल्या माणसाला एवढं पुरतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे तसाच माणूस आहे. मुलगा मात्र तिथे कधी उभाच राहिलेला नाही.

लिहिलेल्या पाककृतीचा सगळा इतिहास मला या फोनमध्ये दिसतो. कृती किती लांब व्हायची हे पदार्थ किती अवघड आहे यावर फारसं ठरत नाही. वाचणारा चुलीपासून किती दूर आहे यावर ते ठरतं. हे तपासायला अवघड पक्वान्न घेण्यात अर्थ नाही, साधा पदार्थ हवा. म्हणून चिकन कॅसरोल घेऊ. आपण पोळ्या गरम ठेवतो तो डबा नव्हे. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात कोंबडी, कांदा, रस आणि बहुधा तांदूळ किंवा बटाटा एकत्र घालून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये शिजवलेला पदार्थ. यात फोडणीची घाई नाही, सतत ढवळणं नाही. जगात याच्याइतका सोपा सामिष पदार्थ क्वचितच असेल.

योगायोग असा की सर्वांत जुन्या लिखित कृतीही याच कुळातल्या आहेत. अमेरिकेच्या येल विद्यापीठात बॅबिलोनियाच्या काही मातीच्या पाट्या आहेत. इसवीसनापूर्वी १७३० च्या आसपास त्यांवर कीलाक्षरांत मजकूर कोरला गेला. बराच काळ त्यांवर औषधांची टिपणं असावीत असा समज होता. फ्रेंच अभ्यासक झाँ बोतेरो यांनी त्या नीट वाचल्या, तेव्हा तो स्वयंपाक असल्याचं स्पष्ट झालं. एका पाटीवर पंचवीस कृती आहेत. त्यांतल्या एकवीस मांसाच्या रश्श्यांच्या आणि चार भाज्यांच्या. दुसऱ्या एका पाटीवर पक्षी शिजवून कणकेच्या आवरणात घालून वाढण्याची कृती आहे. ती बऱ्यापैकी लांब आहे, पण रश्श्यांच्या कृती दोन-चार ओळींतच संपतात. पाणी ठेवायचं, चरबी घालायची, अमुक कांदा, तमुक पाला, शेवटी लीक आणि लसूण ठेचून. माप नाही, वेळ नाही, विस्तव किती तेही नाही.

पाटीचा वाचक राजवाड्याच्या किंवा देवळाच्या मुदपाकखान्याशी रोजचा संबंध असलेला माणूस असणार. रस्सा कसा असतो हे त्याला माहीत होतं, त्यामुळे हा रस्सा त्या रश्श्याहून कुठे वेगळा आहे एवढंच लिहिलं तरी भागत होतं. आज पावणेचार हजार वर्षांनी काही वनस्पतींची नावं नेमकी कोणत्या पाल्याची हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. येल आणि हार्वर्डच्या मंडळींनी या कृती प्रत्यक्ष शिजवून पाहिल्या, पण अशा जागी त्यांना स्वतःची अक्कल चालवावी लागली.

रोमन काळात येऊ. एपिकियस या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाकग्रंथ इसवीसनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात आला असं मानतात. त्यात कोंबडीचे बरेच प्रकार आहेत. त्यांतली 'पार्थियन कोंबडी' मराठी माणसाने मुद्दाम वाचावी. मिरी, लव्हेज नावाचा पाला आणि थोडी कॅरवे कुटायची. त्यात माशांपासून केलेला खारट रस आणि वाइन मिसळायची. कोंबडी मातीच्या पसरट भांड्यात ठेवून हे वाटण तिच्यावर ओतायचं. मग कोमट पाण्यात विरघळवलेला हिंग घालायचा आणि शिजवायचं. मूळ शब्द 'लेझर' आहे. आधी तो उत्तर आफ्रिकेतल्या एका वनस्पतीच्या डिंकाला लावत. ती वनस्पती नाहीशी झाली आणि तिची जागा इराणकडून येणाऱ्या हिंगाने घेतली. वरून मिरपूड. ती मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजाने गेलेली. म्हणजे भांड्यात कोंबडी, हिंग आणि मिरी! कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या कुणाला हे फारसं परकं वाटू नये. यातही प्रमाण कुठेच नाही. वाचक बहुधा असा यजमान, ज्याच्या घरी स्वयंपाकी होता.

आपल्याकडचा जुना नमुना आजच्या महाराष्ट्राच्या सीमेलगतचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' साधारण ११३० चा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ग्रंथाचे शंभर अध्याय पाच विंशतींत विभागलेले आहेत. त्यांतल्या उपभोगांच्या विंशतीत अन्नभोग येतो. मंडक म्हणजे मांडे, धोसक, वटक हे सगळे तिथे भेटतात. मांसाचेही कितीतरी प्रकार आहेत. नदीकाठच्या शेतातले काळे उंदीर कसे तळायचे तेसुद्धा आहे. आजचं कुणी शुद्ध शाकाहारी संस्कृतीचा हवाला देत असेल, तर त्याच्यापुढे हे पान उघडून ठेवावं. पण हा ग्रंथ स्वयंपाक्यासाठी नाही. राजाने काय-काय भोगावं आणि त्याला काय-काय माहीत असावं, हा त्याचा विषय. वाचक राजा आहे, आणि राजा कांदा चिरत नाही. म्हणून तिथे वर्णन भरपूर आणि माप फार थोडं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यातल्या मांडूच्या सुलतानासाठी केलेल्या 'निमतनामा' या फारसी पोथीचीही तीच तऱ्हा. ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या चित्रांत सुलतान बसलेला असतो आणि आजूबाजूला स्वयंपाक चाललेला असतो. स्वयंपाक करणाऱ्यांनी पोथी वाचावी अशी अपेक्षा कुणाची नव्हती.

मराठी कागदपत्रांत अन्न भरपूर आहे, पण वेगळ्या रूपात. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ मध्ये झालं. त्याच्या तयारीची तपशीलवार याद प्रसिद्ध आहे, तीत पंगतीची व्यवस्था बारकाईने आखून दिली आहे. काय वाढायचं ते कारकुनाला माहीत हवं होतं, कसं करायचं ते आचाऱ्याला आधीच येत होतं. त्यामुळे कारकुनाच्या कामाचं तेवढं लिहिलं गेलं. मराठी दरबारात पाककृतींकडेच लक्ष गेलं ते तंजावरला. तिथे सतराव्या शतकात रघुनाथसूरींनी 'भोजनकुतूहल' संस्कृतात लिहिलं. पुढे सरफोजी दुसरे, राज्यकाळ १७९८ ते १८३२, यांच्या काळातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत आलं. ब्राह्मणी आणि सामिष पदार्थांबरोबर त्यात इंग्रजी धर्तीचे पदार्थही नोंदवलेले आहेत. सरफोजींचं शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं, तेव्हा विलायती ताटाचं कुतूहल असणं साहजिक होतं. मराठी भांड्यात विलायती पद्धतीचं मांस शिजवण्याची लिखित वाट शोधायची तर मी इथूनच सुरुवात करीन.

छापखाना आला आणि वाचक बदलला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पाकग्रंथांत ते मोजलं जातं. दरबाराशी काहीही संबंध नसलेला माणूस आता पैसे देऊन कृती विकत घेऊ लागला. असा वाचक अनोळखी असतो, म्हणून त्याला प्रमाण द्यावं लागतं. इथे मोठी पंचाईत होती. शेर कुठला? मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. मण चाळीस शेरांचा धरला तर मुंबईचा शेर निघतो साधारण ३१८ ग्रॅमचा आणि बंगाली शेर ९३३ ग्रॅमचा. 'शेरभर मांसाला दोन तोळे मीठ' असं कुणी लिहिलं, तर एका गावात जेवण रुचकर होणार आणि दुसऱ्या गावात तोंडात घालवणार नाही. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, अंमल पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आला. तोपर्यंत प्रत्येक पाकपुस्तकाला हा घोळ सोबत घेऊनच जगावं लागलं.

इंग्लंडात तोवर दोन बायकांनी कृतीचा सांगाडा ठरवून टाकला होता. एलायझा अ‍ॅक्टनने १८४५ मध्ये कृतीच्या शेवटी साहित्याची यादी आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. इझाबेला बीटनने १८६१ मध्ये यादी वर नेली. बीटनबाईंचं नाव जास्त झालं, पण त्यांच्या पुस्तकातलं बरंच इतरांचं होतं. माझ्या मते खरा मान अ‍ॅक्टनचा. अमेरिकेत फॅनी फार्मरने १८९६ मध्ये काठोकाठ सपाट केलेला कप आणि चमचा हे माप रुळवलं. नोकर सुटलेली, शहरात नव्याने संसार थाटणारी मध्यमवर्गीय बाई ही या सगळ्यांची वाचक. तिच्याजवळ सांगायला कुणी नव्हतं.

चिकन कॅसरोल घरोघर पोहोचलं ते अमेरिकेत, आणि त्याला तीन गोष्टी कारण झाल्या. १९१५ मध्ये कॉर्निंग कंपनीने पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आणली. भाजलेलं भांडं थेट टेबलावर ठेवता येऊ लागलं. पुढे ओव्हनला थर्मोस्टॅट बसला. त्याआधी ओव्हनमध्ये हात घालून किंवा कागद किती वेळात करपतो ते पाहून आचेचा अंदाज घेत, आता तो आकड्यात लिहिता येऊ लागला. तिसरी गोष्ट म्हणजे कॅम्पबेल कंपनीचं मशरूमचं घट्ट सूप, १९३४ चं. दाट पांढरा सॉस गुठळ्या न होता करणं ही कॅसरोलमधली एकमेव कसबाची गोष्ट होती. ती डब्यात गेली. मग कृती डब्याच्या कागदावर मावू लागली: कोंबडी, तांदूळ, एक डबा सूप, ३५० अंश फॅरनहाइट, एक तास. लॉगशीटला आणखी काय लागतं? असं केलेलं कॅसरोल मला मिळमिळीत लागतं. पण ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातूनही ते बिघडत नाही, ही काही लहान कामगिरी नव्हे.

मुंबईच्या पाठारे प्रभूंना हा पदार्थ शिकायला अमेरिकेची गरज नव्हती. त्यांचं भुजणं पाहा. कोळंबी, मासे, कोंबडी किंवा नुसते बटाटे घ्यायचे. उभा चिरलेला भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, तिखट, मीठ आणि तेल घालून हाताने चांगलं चोळायचं आणि सगळं कच्चंच पसरट भांड्यात घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं. कांदा आधी परतायचा नाही, फोडणी द्यायची नाही. कांद्याला सुटलेल्या पाण्यातच मांस शिजतं. विरार-आगाशीकडे पोहे घालून करतात ते चिकन भुजिंग वेगळं, नावातल्या सारखेपणाने फसू नये. प्रभू मंडळींनी इंग्रजांची भाजण्याची विद्याही उचलली. ओव्हन नव्हता तिथे झाकणावर निखारे ठेवून वरून-खालून आच देण्याची सोय मराठी घरांत होतीच. याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आलं. शीर्षकातच वाचक कोण ते सांगितलेलं आहे.

मग १९७० साल. किर्लोस्करांनी कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' प्रकाशित केलं. याच घराण्याच्या 'स्त्री' मासिकाने १९३० पासून शिकलेल्या बायकांचा वाचकवर्ग घडवला होता. कमलाबाईंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम, पण वाचणारी कुठे अडखळेल हे त्यांना अचूक कळत होतं. त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली. वाटी प्रत्येक घरात असते आणि कमी-जास्त असली तरी एका कृतीत सगळीकडे तीच वापरली की प्रमाण बिघडत नाही. शेर-तोळ्यांच्या घोळाला याहून हुशार उत्तर मला दिसलेलं नाही. बदलीच्या गावी, सासूपासून आणि आईपासून दूर, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला हे पुस्तक लग्नात आहेर म्हणून मिळू लागलं. लोक कमलाबाईंना लाख मुलींची सासू म्हणत, ते उगीच नव्हे.

त्याच सुमारास आपण वेळेचं एक अस्सल देशी मापही काढलं, ते म्हणजे शिट्टी. हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर १९५९ पासूनचे. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण दाब आल्यावर आच कमी करून मिनिटं मोजायला सांगितलेलं असतं. आपण शिट्ट्या मोजतो. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा मिनिटं लागतात. तरी 'चिकनला तीन शिट्ट्या' हे वाक्य देशभर चालतं, कारण ऐकणाऱ्याच्या घरचा कुकर आणि आच बहुधा सांगणाऱ्यासारखीच असते.

कागद तोच राहतो, पण कोंबडी तीच राहत नाही, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. १९५० च्या आधीच्या कोणत्याही मराठी कृतीतली कोंबडी गावरान आहे. उकिरडा उकरून, पळून पळून, सात-आठ महिन्यांत वाढलेली. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत बाजार ब्रॉयलरचा झाला. आमच्या इकडे राजनांदगाव हे या धंद्याचं मोठं ठाणं आहे. ब्रॉयलर सहाएक आठवड्यांत दोन किलोची होते, मांस कोवळं आणि पाणीदार. जुन्या पुस्तकात 'तासभर शिजू द्यावी' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही ब्रॉयलर आणली असेल, तर तासाभराने भांड्यात धागे उरतील.

तर त्या सिलतऱ्याच्या खोलीसाठी, एक गॅस, एक जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण आणि एक तवा एवढ्यावर होईल अशी कृती. इथे तांदळाची चैन आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताचे तेवीस हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून केलेल्या संग्रहात आहे. आपल्याला त्यांतला एक पुरे. दुबराज मिळाला तर तो, नाहीतर कोणताही जुना, बारीक तांदूळ.

एक किलो ब्रॉयलर, हाडांसकट मध्यम तुकडे. तीन मध्यम कांदे उभे पातळ चिरलेले, दोन टोमॅटो, बारा पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, अर्धी वाटी दही, अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा गरम मसाला, अडीच चमचे मीठ, पाव वाटी तेल. चमचा चहाचा. वाटी कोणतीही चालेल, पण तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजा. तांदूळ दोन वाट्या, धुऊन वीस मिनिटं भिजत ठेवून निथळलेला.

तांदूळ सोडून सगळं पातेल्यात घालून हाताने चोळा, भुजण्यासारखं. कांदा जरा मऊ पडेपर्यंत चोळायचं, म्हणजे त्याला पाणी सुटतं. अर्धा तास झाकून ठेवा. मग मध्यम आचेवर चढवा, झाकण लावा, बुडबुडे दिसले की आच बारीक करा आणि पंधरा मिनिटं शिजू द्या. मधे एकदा तळापासून वर-खाली करा. आता तांदूळ पसरून घाला, तीन वाट्या उकळतं पाणी ओता, एकदाच हलकं ढवळा. उकळी आली की पातेल्याखाली तवा सरकवा, आच अगदी बारीक करा, झाकणावर काहीतरी जड ठेवा. अठरा मिनिटं. या अठरा मिनिटांत झाकण उघडायचं नाही, कारण वाफ गेली की वरचा तांदूळ कच्चा राहतो. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं तसंच. मांडीचा तुकडा हाडाजवळ उघडून पाहा. रस पारदर्शक असेल आणि मांस गुलाबी नसेल तर झालं. तांदूळ नवा असेल तर पाणी पाव वाटी कमी घ्या.

गावरान कोंबडी मिळाली तर तांदूळ घालण्याआधीच तिला दोन वाट्या पाणी घालून पाऊण ते एक तास शिजवावं लागेल. सुरी मांसात सहज शिरली की मगच तांदूळ. तेव्हा पातेल्यातला रस्सा वाटीने मोजा आणि तीन वाट्या भरायला जेवढं कमी पडेल तेवढंच गरम पाणी घाला. रात्रपाळीचा डबा भरायचा असेल तर वाफाळता भात भरा आणि डबा भरल्यापासून दोन तासांत खा. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही, आणि रायपूरच्या मे महिन्यात खोलीतलं सगळंच कोमट असतं. उरलेलं फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल तर तांदूळ दोनऐवजी एकच वाटी घ्या, कोंबडी अर्धा किलो, मसाला निम्मा, पाणी दीड वाटी. वेळ तेवढाच.